शरीरात वस्तीला आलेली उपकरणे : त्यांच्या चाचण्या आणि त्या चाचण्यांचे अहवाल

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या आजोबांना ‘तुमच्या शरीरात एखादे इम्प्लांट आहे का?’ असे विचारले, तर बहुधा ‘नाही’ असेच उत्तर येईल. डोळ्यात बसवलेले कृत्रिम भिंग हे शरीरात कायमचे ठेवलेले उपकरण आहे, याचा आपल्याला विसर पडलेला असतो. एखादे उपकरण विसरले जावे, हे त्याचे मोठेच यश म्हणायचे. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात हॅरल्ड रिडली यांनी अशा भिंगाचा पहिला प्रयोग केला तो नोव्हेंबर १९४९ मध्ये. त्याची जाहीर वाच्यता मात्र त्यांनी १९५१ मध्ये, ऑक्सफर्डच्या नेत्रवैद्यक परिषदेत केली. तिथे त्यांचे स्वागत थंडपणे झाले आणि भिंगाला सर्वमान्यता मिळायला पुढे अनेक वर्षे गेली. उपकरण तयार होणे ही एक गोष्ट आणि त्याची हकिकत इतरांना तपासता येईल इतक्या तपशिलाने सांगितली जाणे ही दुसरी. ही प्रस्तावना या दुसऱ्या गोष्टीविषयी आहे.

आज स्टेंट, पेसमेकर, हृदयाची झडप, गुडघ्याचा किंवा खुब्याचा सांधा यांपैकी काही ना काही प्रत्येक नात्यागोत्यात सापडते. या वस्तू माणसांत बसवून त्यांच्या गुणदोषांची पारख ज्या अभ्यासातून होते, त्याला क्लिनिकल ट्रायल किंवा वैद्यकीय चाचणी म्हणतात. चाचणी संपली की तिचा अहवाल वैद्यकीय नियतकालिकात छापला जातो. पुढच्या डॉक्टरच्या हाती येतो तो हा अहवाल. चाचणी स्वतः त्याला कधीच दिसत नाही. अहवालात जे लिहिले नाही ते त्याच्यापुरते घडलेच नाही, आणि जे मोघम लिहिले ते मोघमच राहते. म्हणून अहवाल कसा लिहावा, त्यात काय असलेच पाहिजे, याचे दंडक ठरवण्याचे एक शास्त्र गेल्या तीन-चार दशकांत उभे राहिले आहे. विषय कागदोपत्री आणि रुक्ष वाटण्याचा संभव आहे. तरी वाचकांनी थोडा धीर धरावा. या तक्त्यांच्या आणि व्याख्यांच्या मागे माणसांच्या चालण्याफिरण्याचा, श्वासाचा आणि आयुष्याचा प्रश्न उभा आहे, हे दोन-चार पानांतच ध्यानात येईल.

उपकरणाच्या चाचणीला औषधाच्या चाचणीचे नियम जसेच्या तसे का लावता येत नाहीत, हे आधी समजून घेऊ. गोळी कोणीही दिली तरी गोळी तीच असते. सांध्याचे तसे नाही. तो कोणत्या सर्जनने, कोणत्या कोनात, कितव्या शस्त्रक्रियेत बसवला, यावर त्याचे आयुष्य ठरते. नव्या उपकरणावर हात बसायला वेळ लागतो, आणि हात बसण्याच्या त्या काळातले रुग्ण चाचणीत मोजले की वगळले, यावर आकडे बदलतात. दुसरे असे की औषध थांबवता येते. उपकरण काढायचे तर पुन्हा चिरफाड करावी लागते, आणि काही उपकरणे काढताच येत नाहीत. तिसरी गोष्ट नवख्यांच्या सहसा लक्षात येत नाही : उपकरण सतत बदलत राहते. शरीरात पेसमेकर बसवलेले पहिले रुग्ण, स्वीडनचे आर्ने लार्सन, १९५८ पासून २००१ पर्यंत जगले आणि त्या काळात त्यांना वीसहून अधिक पेसमेकर बसवले गेले. पहिला काही तासच चालला. नाव एकच, ‘पेसमेकर’. पण पहिल्या आणि शेवटच्या यंत्रात नावापलीकडे फारसे साम्य नव्हते. चाचणीत वापरलेला नमुना आणि आज बाजारात मिळणारा नमुना हे एकच आहेत का, हा प्रश्न औषधांच्या बाबतीत सहसा पडत नाही. इथे तो पहिल्याच पानावर विचारावा लागतो.

हे सारे एका उदाहरणात पाहायचे असेल तर खुब्याच्या एएसआर सांध्याइतके बोलके उदाहरण नाही. आपल्याकडच्या रुग्णांशीही त्याचा जवळचा संबंध असल्याने त्याच्यापाशी जरा थांबतो. डीप्यू या कंपनीचा हा सांधा धातूवर धातू फिरणाऱ्या प्रकारातला होता : वाटी कोबाल्ट-क्रोमियमची, गोळाही त्याच मिश्रधातूचा. प्लास्टिकच्या वाटीपेक्षा तो कमी झिजेल आणि तरुण, धावपळीच्या रुग्णांना पुरेल, अशी अपेक्षा होती. युरोपात तो २००३ मध्ये आला. अमेरिकेत त्याच्या एएसआर एक्सएल या प्रकाराला २००५ मध्ये परवानगी मिळाली, ती आधीच्या उपकरणांशी ‘पुरेसे साम्य’ असल्याच्या आधारावर. माणसांवर त्याची वेगळी चाचणी त्यासाठी झाली नव्हती. या सांध्याची वाटी इतरांच्या मानाने उथळ होती. ती थोडी जरी उभट कोनात बसली तरी गोळ्याचा भार तिच्या काठावर येई, धातूचे सूक्ष्म कण झिजून भोवतालच्या मांसात उतरत आणि रक्तात कोबाल्ट व क्रोमियम वाढे.

हा दोष उघड केला तो नोंदवह्यांनी. ऑस्ट्रेलियात १९९९ पासून सांधेबदलाच्या शस्त्रक्रियांची राष्ट्रीय नोंदवही चालते. कोणता सांधा कोणाला बसवला आणि तो पुन्हा केव्हा बदलावा लागला, हे तीत लिहिले जाते. २००७ मध्येच या नोंदवहीने एएसआरबाबत इशारा दिला, आणि डिसेंबर २००९ मध्ये तो तिथल्या बाजारातून गेला. इंग्लंड-वेल्सच्या नोंदवहीतून २०१० मध्ये दिसले की पाच वर्षांत या सांध्याच्या दोन प्रकारांपैकी एकात सुमारे १२ टक्के आणि दुसऱ्यात सुमारे १३ टक्के रुग्णांना पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने जगभरातून सांधा परत मागवला. तोवर सुमारे ९३,००० जणांना तो बसवला गेला होता. भारतात ही संख्या सुमारे ४,७०० होती. मुंबईसह महाराष्ट्रातले रुग्णही त्यांत होते, आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने या प्रकरणाचा पाठपुरावा केला. पुढे केंद्राने नेमलेल्या समितीसमोर सर्वांत मोठी अडचण उभी राहिली ती ही की हजारो रुग्णांचा ठावठिकाणाच लागेना. २०१८ च्या अखेरीस ३० लाखांपासून १.२३ कोटी रुपयांपर्यंत भरपाईचे सूत्र ठरले. पण कोणाला कोणता सांधा बसला याची एकत्रित नोंद नसेल, तर भरपाई मागायला येणार कोण?

वाचकांनी या कहाणीकडे केवळ एका कंपनीचा दोष म्हणून पाहू नये. सांधा बसवण्याचा कोन, सर्जनचा अनुभव, सांध्याचा नेमका नमुना, पाठपुराव्याचा काळ, पुनर्शस्त्रक्रियेची कारणे : या साऱ्या गोष्टी सांध्यांवरच्या छापील लेखांत एकसारख्या आणि पुरेशा येत असत्या, तर इशारा लवकर मिळाला असता, असे माझे मत आहे. उपकरणाच्या रचनाकारांनी स्वतः छापलेल्या रुग्णमालिका आणि राष्ट्रीय नोंदवह्या यांतल्या आकड्यांत अनेकदा मोठे अंतर पडते. तिथे खोटेपणा असेलच असे नाही. तरबेज हात, निवडक रुग्ण आणि थोडा काळ, एवढ्याने ते अंतर पडू शकते. अहवालाने हे तिन्ही घटक उघडे करून दाखवले की वाचणारा त्या आकड्यांना योग्य तेवढेच वजन देतो.

दंडकांचा इतिहास थोडक्यात असा. यादृच्छिक चाचण्यांचे अहवाल कसे लिहावेत यासाठी ‘कॉन्सॉर्ट’ नावाची तपाससूची १९९६ मध्ये निघाली. २००१, २०१० आणि २०२५ मध्ये ती सुधारली गेली. ताज्या आवृत्तीत ३० मुद्दे आहेत. ही सूची शस्त्रक्रिया आणि उपकरणांना अपुरी पडते हे ओळखून इझाबेल बूत्रों आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये तिला औषधेतर उपचारांसाठी जोड दिली आणि २०१७ मध्ये ती अद्ययावत केली. शस्त्रक्रिया करणाऱ्यांची पात्रता व अनुभव, केंद्रात अशा शस्त्रक्रिया किती होतात, तंत्र सर्वांनी सारखे वापरावे म्हणून काय केले, प्रत्यक्षात ते किती पाळले गेले, आणि एकाच सर्जनच्या रुग्णांचे निकाल एकमेकांसारखे असण्याची शक्यता हिशेबात धरली का, हे ही जोड विचारते. २०१४ मध्ये आलेल्या ‘टायडियर’ या बारा मुद्द्यांच्या सूचीची मागणी आणखी साधी आहे : उपचाराचे वर्णन असे करा की दुसऱ्याला तो तसाच करता यावा. ऑक्सफर्डच्या बॅलिओल कॉलेजातल्या बैठकांतून २००९ मध्ये ‘आयडियल’ ही चौकट आली. नव्या शस्त्रक्रियेचा प्रवास ती कल्पना, विकास, अन्वेषण, मूल्यमापन आणि दीर्घकालीन पाठपुरावा अशा पाच टप्प्यांत मांडते आणि प्रत्येक टप्प्यावर कोणत्या प्रकारचा अहवाल हवा ते सांगते. २०१६ मध्ये तिची उपकरणांसाठीची आवृत्ती मांडली गेली. मला स्वतःला ही चौकट फार मोलाची वाटते. पहिल्या पाच रुग्णांची प्रांजळ हकिकत आणि पाच हजारांची चाचणी या दोहोंना ती आपापल्या जागी मान देते.

मात्र या क्षेत्रातले माझ्या मते सर्वांत सुंदर काम सर्वसाधारण सूच्यांमध्ये नसून व्याख्यांमध्ये आहे, आणि ते हृदयशल्यचिकित्सकांनी सर्वांच्या आधी हाती घेतले. कृत्रिम झडपेच्या अहवालांत कोणी गुठळी झाली म्हणजे काय ते एका प्रकारे ठरवी, कोणी दुसऱ्या. कोणी प्रत्येक रक्तस्राव मोजी, तर कोणी रुग्णालयात दाखल व्हावे लागले तरच मोजी. जुन्या काळी तालुक्यागणिक पायली वेगळी असे आणि दोन बाजारांतल्या धान्याची तुलना करताना माणूस फसे, तसेच हे होते. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या दोन वक्ष-शल्यचिकित्सक संघटनांनी मिळून झडपेच्या शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू आणि आजार कसे नोंदवावेत याची मार्गदर्शक तत्त्वे छापली. १९९६ आणि २००८ मध्ये ती सुधारली गेली. झडपेची स्वतःची झीज, झडप ठीक असूनही तिच्या कामात आलेला अडथळा, झडपेवरची गुठळी, अन्यत्र जाऊन अडकलेली गुठळी, रक्तस्राव, झडपेचा जंतुसंसर्ग, हे सारे वेगवेगळे आणि ठरलेल्या अर्थाने मोजायचे, असे ठरले. किती टक्के रुग्णांचा पाठपुरावा पूर्ण झाला आणि तो कोणत्या तारखांच्या दरम्यान बंद केला, हेही सांगणे आले.

स्टेंटच्या बाबतीत हाच धडा नव्याने शिकावा लागला. औषध लावलेल्या स्टेंटमध्ये उशिरा गुठळ्या होतात का, यावर २००६ मध्ये मोठे वादळ उठले, तेव्हा प्रत्येक चाचणीची ‘गुठळी’ निराळी असल्याचे दिसून आले. काहींनी तर त्याच जागी दुसरी प्रक्रिया झाल्यानंतरच्या गुठळ्या मोजल्याच नव्हत्या. २००७ मध्ये ‘एआरसी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गटाने निश्चित, संभाव्य आणि शक्य अशा तीन पायऱ्या ठरवल्या, आणि पहिले तीस दिवस, त्यापुढचे वर्षभर आणि वर्षानंतर असे काळाचे भाग पाडले. आज कोणताही स्टेंटचा अहवाल उघडा, हीच भाषा दिसेल. तरीही वाद पूर्ण मिटलेले नाहीत. डाव्या मुख्य धमनीच्या आजारात स्टेंट की बायपास, हे पाहणाऱ्या १,९०५ रुग्णांच्या ‘एक्सेल’ चाचणीचे पाच वर्षांचे निकाल २०१९ मध्ये आले. उपचाराच्या वेळी हृदयस्नायूला होणारी इजा नेमकी केव्हा ‘हृदयविकाराचा झटका’ म्हणून मोजायची, यावर दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञांत कडवा वाद झाला, आणि युरोपातल्या हृदय-शल्यचिकित्सकांच्या संघटनेने संबंधित उपचार-मार्गदर्शनाच्या त्या भागाचा पाठिंबा काढून घेतला. एका व्याख्येवर किती काही अवलंबून असते, हे पाहायचे असेल तर नवशिक्या वाचकाने हा वाद जरूर अभ्यासावा.

या परंपरेत आपल्या देशाचेही एक मानाचे पान आहे, आणि ते पुरेसे वाचले जात नाही. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली हृदयाची कृत्रिम झडप घडवण्याचे काम सुरू झाले, तेव्हा परदेशी झडपेची किंमत सामान्य भारतीय रुग्णाच्या आवाक्याबाहेर होती. संधिवाती तापामुळे झडपा निकामी झालेले रुग्ण मात्र तरुण आणि असंख्य होते. पहिले तीन नमुने या ना त्या दोषामुळे टाकून द्यावे लागले. चौथा टिकला : कोबाल्ट-क्रोमियमचा सांगाडा, त्यात टणक पॉलिथिलीनची तिरपी होणारी चकती, आणि शिवण्यासाठी पॉलिएस्टरची कड. ६ डिसेंबर १९९० रोजी ही झडप प्रथम एका रुग्णाला बसवली गेली. पुढे सहा केंद्रांतल्या ३०६ रुग्णांचा अनुभव २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापला गेला. त्यानंतर लाखाहून अधिक रुग्णांना ही झडप बसली आहे. मला विशेष अभिमान वाटतो तो फसलेल्या नमुन्यांच्या हकिकतीचा. कोणता भाग का तुटला, कोणता का झिजला, हे त्या शास्त्रज्ञांनी लपवले नाही. फसलेल्या प्रयत्नाचा प्रामाणिक अहवाल पुढच्या अभियंत्याची वर्षे वाचवतो.

आता काळाविषयी. झडपांच्या अहवालात ‘रुग्णवर्ष’ नावाचे एकक भेटते : एक रुग्ण एक वर्ष पाहिला की एक रुग्णवर्ष. अमेरिकेतल्या नियामकांनी नव्या झडपेसाठी बराच काळ ८०० रुग्णवर्षांचा अनुभव मागितला. हिशेब सोयीचा आहे, पण त्यात एक फट आहे. आठशे रुग्ण प्रत्येकी एक वर्ष पाहिले तरी ८०० रुग्णवर्षे भरतात आणि शंभर रुग्ण आठ वर्षे पाहिले तरीही. तिसऱ्या-चौथ्या वर्षी तुटणारा धातू पहिल्या रीतीत दिसणारच नाही. ब्यॉर्क-शायली झडपेच्या एका प्रकारात चकती धरून ठेवणारा तारेचा आधार तुटत असे. १९७९ ते १९८६ या काळात ती सुमारे ८६,००० जणांना बसवली गेली आणि आधार तुटण्याच्या सहाशेहून अधिक घटना पुढे नोंदल्या गेल्या. हे प्रमाण एका चाचणीत दिसण्याइतके मोठे नाही, आणि ज्यांच्या बाबतीत आधार तुटला त्यांच्यापैकी बहुतेक वाचले नाहीत.

विरघळणाऱ्या ‘अ‍ॅब्झॉर्ब’ स्टेंटची कहाणी याच जातीची आहे. पॉलिलॅक्टिक आम्लाचा हा स्टेंट सुमारे तीन वर्षांत विरघळून धमनी पूर्ववत मोकळी व्हावी, ही कल्पना खरोखर मोहक होती. २०१५ मध्ये छापलेल्या सुमारे दोन हजार रुग्णांच्या चाचणीत वर्षअखेर अपयशाचे प्रमाण ७.८ टक्के, तर धातूच्या स्टेंटचे ६.१ टक्के होते. चाचणीने ठरवलेल्या मर्यादेत तो ‘कमी प्रतीचा नाही’ एवढे सिद्ध झाले आणि जुलै २०१६ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. दोन वर्षांच्या टप्प्यावर हे आकडे ११.० आणि ७.९ झाले. दुसऱ्या एका युरोपीय चाचणीत स्टेंटमध्ये गुठळी होण्याचे प्रमाण ३.५ विरुद्ध ०.९ टक्के दिसले. सप्टेंबर २०१७ मध्ये कंपनीने विक्री थांबवली. धमनी आधी नीट तयार करणे, मापाचा स्टेंट निवडणे आणि नंतर फुगा पुन्हा फुगवणे या तंत्राने निकाल सुधारले असते का, याची चर्चा आजही होते. सुरुवातीच्या चाचण्यांनी तंत्राचे हे तपशील एकसारखे नोंदवले असते, तर ती चर्चा अंदाजावर राहिली नसती.

अपाय लिहिण्याचा प्रश्न मात्र अधिक नाजूक आहे. मणक्याच्या शस्त्रक्रियेत हाड जुळावे म्हणून धातूच्या पिंजऱ्यात घालून वापरायच्या एका प्रथिनाला, बीएमपी-२ ला, अमेरिकेत २००२ मध्ये परवानगी मिळाली. कंपनीच्या साहाय्याने झालेल्या तेरा चाचण्यांत ७८० रुग्णांना ते दिले गेले आणि प्रथिनामुळे एकही अनिष्ट घटना घडल्याचे त्या लेखांनी नोंदवले नाही. २०११ मध्ये एका पुनर्तपासणीने नियामकांकडची कागदपत्रे आणि नंतरचे अभ्यास ताडून पाहिले, तेव्हा शस्त्रक्रियेच्या प्रकारानुसार अनिष्ट घटनांचे प्रमाण १० ते ५० टक्के असावे असा अंदाज निघाला. त्यानंतर कंपनीने प्रत्येक रुग्णाची मूळ माहिती येल विद्यापीठाच्या स्वाधीन केली. दोन स्वतंत्र गटांनी तिचे विश्लेषण करून २०१३ मध्ये ते जाहीर केले : कंबरेतल्या हाडाचे कलम वापरण्यापेक्षा ठळक फायदा नाही, आणि अपाय आधीच्या लेखांत कमी दाखवले गेले होते. मूळ माहिती उघडी करण्याचा हा निर्णय अनुकरणीय होता, हे इथे मोकळेपणाने म्हटले पाहिजे. वाचकांनी एक साधा हिशेब जवळ ठेवावा : ३०० रुग्णांत एखादी घटना एकदाही घडली नाही, तरी तिचे खरे प्रमाण शेकडा एकपर्यंत असू शकते. छापील शून्य हे नेहमी इतक्या रुग्णांतले, इतक्या काळातले शून्य असते.

तुलनेसाठी खोटी शस्त्रक्रिया करावी का, हा प्रश्न नवख्याला अस्वस्थ करतो, आणि तो अस्वस्थ करावा असाच आहे. ‘ऑर्बिटा’ चाचणीत २०० रुग्णांपैकी काहींना खरोखर स्टेंट बसवला आणि काहींवर फक्त तशी प्रक्रिया केल्याचा आभास निर्माण केला. २०१७ च्या निकालात चालण्याच्या क्षमतेतला फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झाला नाही. त्याच पद्धतीची दुसरी चाचणी २०२३ मध्ये आली; तिच्यात छातीदुखीची औषधे थांबवलेल्या रुग्णांना स्टेंटने आराम पडल्याचे दिसले. दोन्ही अहवाल शेजारी ठेवून वाचा. रुग्ण कोण होते आणि औषधे चालू होती की बंद, एवढ्या दोन ओळी नीट वाचल्या तरी वरवरचा विरोध बराचसा विरघळतो.

तर या वाचनाची सुरुवात कुठून करावी? माझा सल्ला असा की सारांश बाजूला ठेवून तुम्ही थेट ‘पद्धती’च्या विभागात जावे. तिथे उपकरणाचे नाव, नमुना आणि आवृत्ती शोधा. ती सापडली नाही, तर उरलेला लेख सावधपणे वाचा. मग हात कोणाचे होते ते पाहा. त्यानंतर रुग्णांच्या प्रवाहाची आकृती घ्या : किती आले, किती वगळले, किती शेवटपर्यंत भेटले. पाठपुराव्यातून सुटलेले रुग्ण सुखरूप असतील असे गृहीत धरण्याचा मोह होतो, पण सांधा दुखतो म्हणून दुसऱ्या डॉक्टरकडे गेलेला रुग्णही त्यांतच असतो. चाचणीची नोंदणी शोधून, आधी काय मोजायचे ठरवले होते आणि छापले काय, हे ताडून पाहा. भारतातल्या चाचण्यांसाठी सीटीआरआय ही राष्ट्रीय नोंदणी जुलै २००७ मध्ये सुरू झाली, १५ जून २००९ पासून ती सक्तीची आहे, आणि कोणालाही ती विनामूल्य पाहता येते. संख्याशास्त्र येत नाही म्हणून कोणी मागे राहू नये. वर सांगितलेल्यांतले बहुतेक प्रश्न साध्या वाचनाने सुटतात.

आपल्याकडे २०१७ ची वैद्यकीय उपकरण नियमावली १ जानेवारी २०१८ पासून अमलात आली. त्याआधी, जुलै २०१५ मध्ये, उपकरणांच्या अनिष्ट घटना नोंदवण्यासाठी राष्ट्रीय ‘मटेरिओव्हिजिलन्स’ कार्यक्रम सुरू झाला होता. गाझियाबादच्या फार्माकोपिया आयोगाकडे त्याचे काम आहे. चौकट आहे. तिच्यात भरायची माहिती मात्र रुग्णालयांतून आली पाहिजे, आणि तिथे अजून बरेच काम बाकी आहे. दंडकांच्या बाजूनेही उणिवा आहेत. सूच्या अनेक झाल्या आहेत आणि एकमेकींवर चढतात. नियतकालिके सूची भरून मागतात, पण भरलेली सूची लेखाशी ताडून पाहणारे संपादक थोडे. उपकरणाचा नमुना-क्रमांक छापणे, सर्जनचा आधीचा अनुभव आकड्यात देणे, आणि पाच व दहा वर्षांचा पाठपुरावा छापण्याची हमी आधीच देणे, या तीन गोष्टी सर्व नियतकालिकांनी सक्तीच्या केल्या तर निम्मे काम होईल, असे मला वाटते.

महाराष्ट्रातल्या रुग्णालयांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांत दरवर्षी असंख्य उपकरणे बसवली जातात, आणि त्यांतला फार थोडा अनुभव छापला जातो. या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या तरुण डॉक्टरांना आणि अभियंत्यांना माझी विनंती आहे की त्यांनी मोठ्या चाचणीची वाट पाहू नये. आपल्या विभागातल्या पन्नास रुग्णांचीच नोंद ठेवा, पण नमुना-क्रमांकासह आणि दहा वर्षे. आणि निकाल कसेही आले तरी ते छापा. ज्यांच्या घरी अशी शस्त्रक्रिया झाली आहे त्या वाचकांनी उपकरणाच्या खोक्यावरचे लेबल रुग्णाच्या कागदपत्रांत चिकटवले आहे का ते आजच पाहावे. नसेल तर रुग्णालयाकडून कंपनी, नमुना आणि क्रमांक लेखी मागून घ्यावा.